डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएस दिवा: कायद्याने ब्रेक दिला, पण तो चालतोय का हे बघतं कोण?

जुलैचा महिना. रात्रभर पाऊस पडून गेलेला. सकाळी गाडीची चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर गोलात 'एबीएस' लिहिलेला पिवळा दिवा पेटला. एरवी दोन-तीन सेकंदांत विझतो, आज विझलाच नाही. ब्रेक दाबून बघितला, तर लागतोय. गाडीही जागेवर थांबतेय. मग काय, "सेन्सरवर पाणी गेलं असेल, सुकलं की जाईल" असं म्हणत गाडी ऑफिसच्या रस्त्याला लागते. आठवडा जातो, महिना जातो. दिवा तसाच पेटलेला असतो, फक्त डोळ्यांना त्याची सवय होऊन जाते.

हे चित्र आता बऱ्याच पार्किंगमध्ये दिसतं आणि पुढच्या काही वर्षांत अजून दिसणार आहे. कारण साधं आहे. भारतात एप्रिल 2019 पासून नव्या प्रत्येक कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं. त्याआधी ते महागड्या मॉडेलमध्ये किंवा टॉप व्हेरिएंटमध्ये मिळायचं. 2019 नंतर सगळ्यात स्वस्त कारमध्येही ते आलं. त्या सक्तीतल्या पहिल्या गाड्या आता जुन्या व्हायला लागल्यात. त्यांची वॉरंटी संपलीय, शोरूमची सर्व्हिस सुटून त्या गल्लीतल्या गॅरेजला लागल्यात, काही तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्यात.

म्हणजे एबीएस घराघरांत पोचलं. पण बिघडल्यावर त्याचं काय करायचं आणि ते बिघडलंय हे तपासायचं कुणी, हे दोन प्रश्न तसेच राहिले. दोन्हींचं उत्तर त्या पिवळ्या दिव्यापाशी येऊन थांबतं.

आधी समजून घेऊ, एबीएस करतं काय?

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम. नावातच काम आलं: ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ द्यायचं नाही.

समजा, गाडी ताशी 60 किलोमीटरने चाललीय. या वेगात ती एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर पुढे जाते. अचानक समोर कुणीतरी आलं आणि ड्रायव्हरने जीव खाऊन ब्रेक दाबला. रस्ता ओला असेल तर चाकं जागच्या जागी थांबतात, पण गाडी थांबत नाही. ती जाम झालेल्या चाकांवर घसरत जाते. आणि घसरणारं चाक वळत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे, गाडी सरळच जाणार.

इथे एबीएस कामाला येतं. प्रत्येक चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजत राहतो. चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी किंवा चुंबकीय रिंग असते, तिच्यावरून सेन्सरला वेग कळतो. ही माहिती कंट्रोल युनिटकडे जाते. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे जाम व्हायला आलं, की युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर ढिला करतं आणि पुन्हा आवळतं. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडू शकतं. त्यामुळेच जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं आणि कर्रकर्र आवाज येतो. तो बिघाड नाही, एबीएस काम करत असल्याची खूण आहे. अशा वेळी पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

बॉश कंपनीने 1978 मध्ये आपलं इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं आणि ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसलं. तेव्हाची ही श्रीमंती सोय आज भारतातल्या सगळ्यात छोट्या कारमध्ये आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. एबीएस म्हणजे गाडी हमखास लवकर थांबणार, असं नाही. खडी, वाळू किंवा सैल मातीवर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं. एबीएसचा खरा फायदा हा की, ब्रेक दाबलेला असतानाही गाडी हातात राहते. समोरच्या माणसाला, ट्रकला किंवा घाटातल्या कठड्याला वळसा घालायची एक संधी मिळते.

दिवा पेटला म्हणजे ब्रेक गेले का?

नाही. पण कुठला दिवा पेटलाय, यावर सगळं आहे.

फक्त पिवळा एबीएस दिवा: नेहमीचे ब्रेक चालू आहेत, एबीएस बंद आहे. सिस्टिमला स्वतःत काहीतरी चूक दिसली आणि तिने स्वतःला बाजूला काढलं. गाडी आता जुन्या, बिनएबीएसच्या गाडीसारखी वागणार. हळू, अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. पण "ब्रेक तर लागतोय की" हा दिलासा फसवा आहे. रोजच्या सिग्नलला एबीएस लागतच नाही, त्यामुळे त्याची कमी जाणवतही नाही. ती जाणवते थेट त्या दिवशी, जेव्हा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारावा लागतो.

लाल ब्रेक दिवा: हँडब्रेक ओढलेला असेल तर तो सोडल्यावर जातो. हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा ब्रेकच्या मूळ यंत्रणेतच दोष असू शकतो. पेडल मऊ लागत असेल, खाली जात असेल, तर गाडी चालवायची नाही. टो करून न्यायची.

पिवळा आणि लाल दोन्ही: हे सगळ्यात गंभीर. एबीएसच्याच यंत्रणेवर ईबीडी नावाची दुसरी सोय चालते. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा, हे ती ठरवते. दोन्ही दिवे एकदम पेटले तर ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी गोल फिरण्याचा धोका असतो. गाडी बाजूला घ्यायची आणि मदत बोलवायची.

काही गाड्यांत एबीएसबरोबर ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल, हिल असिस्ट असे तीन-चार दिवे एकदम पेटतात. ते बघून अनेकांना घाम फुटतो. पण या सगळ्या सोयी चाकांच्या त्याच चार सेन्सरवर अवलंबून असतात. एक सेन्सर गेला की सगळे दिवे रांगेत लागतात. दिवे चार दिसले तरी दोष बऱ्याचदा एकच असतो.

दिवा कधी पेटतो, ही पहिली खूण

गॅरेजला जायच्या आधी एक गोष्ट लक्षपूर्वक बघून ठेवली तर अर्धं निदान तिथेच होतं: दिवा नेमका कधी पेटतो?

चावी फिरवल्यापासूनच पेटलेला असेल आणि विझतच नसेल, तर बहुतेक वेळा मामला विजेचा असतो. तुटलेली वायर, गेलेला फ्यूज, निघालेला कपलर किंवा खुद्द कंट्रोल युनिट.

गाडी सुरू झाल्यावर विझतो, पण थोडी चालल्यावर पुन्हा पेटतो, असं असेल तर एखाद्या चाकाचा वेग नीट मिळत नाहीये. सेन्सरवर घाण बसली असेल, रिंगला तडा गेला असेल किंवा बेअरिंग ढिलं झालं असेल.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर पेटत असेल तर कुठल्यातरी कपलरमध्ये पाणी शिरतंय.

खड्ड्यात आदळल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पेटत असेल तर वायर आतून तुटलीय. वरचं आवरण शाबूत दिसतं, आतली तार मात्र सुटलेली असते.

सकाळी स्टार्टर मारताना पेटून नंतर जात असेल तर आधी बॅटरी तपासावी. बॅटरी अशक्त झाली की व्होल्टेज पडतं आणि एबीएस युनिट स्वतःला बंद करून घेतं.

आणि टायर बदलल्यावर, ब्रेक पॅड टाकल्यावर किंवा बेअरिंगचं काम झाल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर संशय त्या कामावरच घ्यायचा. सेन्सरची वायर ओढली जाते, कपलर नीट बसवायचा राहतो. बेअरिंगच्या बाबतीत तर अजून एक गंमत आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटं बसवलं तर चाक मस्त फिरतं, आवाजही येत नाही, पण सेन्सरला काहीच दिसत नाही.

एक खूण अशीही आहे जिच्यात दिवा पेटतच नाही. गाडी सिग्नलला अगदी हळू थांबत असताना, कोरड्या रस्त्यावर, शेवटच्या क्षणी पेडल थरथरतं. तिथे एबीएस लागायचं काहीच कारण नसतं. रिंग गंजून फुगली किंवा तिला तडा गेला की असं होतं. सेन्सरला वाटतं चाक जाम झालं आणि एबीएस उगाच ब्रेक सोडतं. दिवा नाही म्हणून हे सोडून देऊ नये. ब्रेक मारताना ब्रेक सुटणं हा थेट धोका आहे.

घरी काय तपासता येईल?

फार काही नाही, पण जे येतं ते फुकट आहे.

बोनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघा. पातळी 'मिन' आणि 'मॅक्स'च्या मध्ये हवी. कमी असेल तर नुसतं भरून मोकळं होऊ नका. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते कमी झालं म्हणजे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे.

रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबा. मागचे ब्रेकलाइट भिंतीवर दिसायला हवेत. पेडलचा स्विच बिघडला की ब्रेकलाइट गंडतात आणि काही गाड्यांत एबीएसचा दिवाही लागतो. हा स्विच स्वस्तातला भाग आहे.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. एबीएसला बहुतेक गाड्यांत एकापेक्षा जास्त फ्यूज असतात. जळलेला दिसला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. पुन्हा लगेच जळला तर थांबा. मोठा फ्यूज किंवा तार टाकून काम चालवणं म्हणजे वायरिंगला आग लावायची सोय करणं.

चारही टायर एकाच मापाचे आहेत का, हेही बघा. हल्ली अनेक गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते. ती लावली की ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतं, आणि काही गाड्यांत तेवढ्यानेही दिवा लागू शकतो.

आणि हो, बोनेटखाली उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर अर्धं उत्तर मिळालंच. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर-घुशी वायरिंग कुरतडतात, हे कुठल्याही मॅकेनिकला विचारा.

कोड म्हणजे आजार नाही

खरी फसगत पुढच्या टप्प्यावर होते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, स्क्रीनवर कोड येतो: डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. मॅकेनिक म्हणतो, सेन्सर गेला. नवा सेन्सर येतो, पैसे जातात, दोन दिवस दिवा बंद राहतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पेटतो. मग "मॉड्यूल गेलं असेल" असं म्हणत बिल अजून वाढतं.

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी की, स्कॅनर सुटा भाग तपासत नाही. तो फक्त सांगतो की अमुक चाकाकडून येणारी माहिती बरोबर नाही. डॉक्टर जसा ताप आहे म्हणतो, तसं. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, ते पुढे शोधावं लागतं. माहिती येत नाही म्हणजे सेन्सर गेला असेल, किंवा वायर तुटली असेल, कपलर गंजला असेल, रिंग फुटली असेल, बेअरिंग ढिलं असेल. कोड एक, कारणं पाच.

म्हणून चांगला मॅकेनिक कोड वाचल्यावर लगेच पार्ट मागवत नाही. तो आधी चाक उचलून बघतो. सेन्सर काढून पुसतो, कारण टोकाला लोखंडाचा कीस आणि चिखल चिकटलेला असतो. वायर हाताने चाचपतो, कपलर उघडून हिरवा गंज आहे का बघतो. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ फिरणाऱ्या गाड्यांत हा गंज नेहमीचा असतो.

मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावतो आणि गाडी ताशी 20-30 किलोमीटरने चालवतो. चारही चाकांचा वेग स्क्रीनवर एकत्र दिसतो. तीन चाकं 25 दाखवतायत आणि एक मधूनच शून्यावर पडतंय, तर चोर सापडला. वेग ठरावीक लयीत, चाकाच्या दर फेरीला एकदा पडत असेल तर रिंगचा एखादा दात गेलाय. कसाही, कधीही पडत असेल तर वायर किंवा कपलर.

मल्टिमीटरनेही तपासता येतं, पण सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे हे आधी माहीत हवं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते. त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, तो साधारण एक ते अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. चाक हाताने फिरवलं तर थोडा एसी व्होल्टेज दिसतो. नव्या गाड्यांतल्या सेन्सरमध्ये मात्र छोटी इलेक्ट्रॉनिक चिप असते. त्याचा ओहम मोजून काही कळत नाही, उलट चिप खराब व्हायची भीती असते. तिथे वायरपर्यंत करंट पोचतोय का आणि चाक फिरल्यावर सिग्नल बदलतोय का, हे बघावं लागतं.

दोन्ही बाजूचे सेन्सर सारखेच असतील तर अजून एक सोपी युक्ती आहे. डावा सेन्सर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावायचा. दोष सेन्सरबरोबर पलीकडे गेला तर सेन्सर खराब. जागेवरच राहिला तर वायर किंवा रिंग.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकांकडे असतात. त्यातले बरेचसे फक्त इंजिनचे कोड वाचतात. इंजिनचे कोड 'पी'ने सुरू होतात आणि ब्रेकचे, सस्पेन्शनचे 'सी'ने. त्यामुळे मोबाइलवर "एकही दोष नाही" असं आलं तरी एबीएस ठीक आहे, असा अर्थ निघत नाही. त्या यंत्राने तिकडे डोकावलेलंच नसतं.

दुरुस्ती आणि खिसा

खर्चाचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. साफसफाई, कपलर, वायर जोडणं आणि फ्यूज यात मुख्यतः मजुरी जाते. सेन्सर बहुतेक छोट्या गाड्यांत काही हजारांत होतो. रिंग बेअरिंगमध्येच असेल तर बेअरिंगसकट बदलावी लागते. सगळ्यात महाग असतं एबीएस मॉड्यूल, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल युनिट. त्याचा खर्च दहा हजारांच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे जायला हवी. मॉड्यूल बदला असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं, तर कशावरून म्हणताय, हे विचारायचा पूर्ण हक्क गाडीमालकाला आहे.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. कोड कुठला आला, तो लिहून किंवा फोटो काढून द्या. लाइव्ह डेटामध्ये काय दिसलं? आणि काढलेला जुना पार्ट दाखवा.

मॉड्यूल खरंच गेलं तर त्याला ब्रेक ऑइलही कारणीभूत असू शकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर त्यातलं पाणी मॉड्यूलच्या बारीक व्हॉल्व्हना आतून गंजवतं. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे अनेक जण हे मात्र विसरतात. मॉड्यूल बदलल्यावर त्यातली हवा काढायलाही बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतो, नुसतं पेडल मारून ती निघत नाही.

आणि दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तर घाबरायचं कारण नाही. अनेक गाड्यांत कोड पुसूनही दिवा जात नाही, थोडं अंतर चालवावं लागतं. चारही चाकांचा वेग बरोबर येतोय अशी खात्री झाली की सिस्टिम स्वतःच दिवा विझवते.

दोष कधीकधी मालकाच्या देखभालीत नसून बनावटीतही असतो. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांनी मिळून 33 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये आतल्या आत ब्रेक ऑइल गळून शॉर्टसर्किट आणि आगीचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, असं मालकांना सांगण्यात आलं. त्यामुळे दिव्याबरोबर जळका वास किंवा धूर येत असेल तर गॅरेजपर्यंतही चालवू नये.

भारतात 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अशी सदोष वाहनं परत बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला आणि एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. पण ही सक्ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. एबीएस सक्तीच्या पहिल्या वर्षातल्या, 2019 च्या गाड्यांना 2026 मध्ये सात वर्षं होतात. नेमक्या जुन्या व्हायला लागल्या तेव्हाच या गाड्या त्या छत्रीबाहेर जातायत.

मग तपासतं कोण?

आता मूळ प्रश्नाकडे. नवं मॉडेल बाजारात यायच्या आधी त्याचे ब्रेक पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत कडक चाचण्यांतून जातात. तिथून पास झालेली गाडी शोरूममधून घरी येते. त्यानंतर?

खासगी कारची नोंदणी 15 वर्षं चालते. मधल्या काळात सरकारी यंत्रणेकडून ब्रेकची एकही सक्तीची तपासणी होत नाही. पीयूसी नियमितपणे होते, पण तिथे फक्त धूर मोजला जातो. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटलेला असला तरी पीयूसी मिळते. टॅक्सी, ट्रक, बस यांना ठरावीक काळाने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खासगी गाडीला ते थेट 15 वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना.

तुलनेसाठी ब्रिटन बघा. तिथे तीन वर्षांपेक्षा जुन्या कारला दरवर्षी एमओटी नावाची तपासणी पास करावी लागते. एबीएसचा दिवा दोष दाखवत असेल तर गाडी थेट नापास. जर्मनीत नवी कार तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते.

भारतात असं काही आणायचं म्हटलं तर अडचणी खऱ्या आहेत. तपासणी केंद्रं पुरेशी नाहीत, आणि कागदापुरत्या तपासणीचा अनुभव नवा नाही. आधीच पीयूसी, विमा, फास्टॅग सांभाळणाऱ्या माणसाला अजून एक रांग नको असते. पण मग निदान पीयूसीच्या वेळी डॅशबोर्डवर नजर टाकून पेटलेल्या दिव्यांची नोंद करायला काय हरकत आहे? त्याला यंत्र लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो.

तोवर कायदा सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर टाकून मोकळा झालाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 म्हणतं की, ज्या दोषामुळे वाहन धोकादायक होतं आणि जो चालकाला माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा दोषासह वाहन चालवणं हा गुन्हा आहे. त्या दोषामुळे अपघात झाला तर शिक्षा वाढते. कुठला दोष या कलमात बसतो, ते प्रत्येक प्रकरणात ठरेल. पण डोळ्यांसमोर महिनोन्‌महिने दिवा पेटलेला असताना "मला माहीत नव्हतं" म्हणणं कठीण आहे.

जुनी गाडी घेताय? आधी चावी फिरवा

याचा सगळ्यात मोठा फटका सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना बसू शकतो. दिवा दुरुस्त करण्यापेक्षा लपवणं स्वस्त असतं. दिवा डॅशबोर्डमधूनच बंद करणं किंवा विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसणं, हे प्रकार बाजारात होतात.

पकडायची पद्धत सोपी आहे. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन' करा. एबीएस, एअरबॅग, ब्रेक असे सगळे दिवे एकदा पेटायलाच हवेत. ती सिस्टिमची हजेरी असते. एबीएसचा दिवा पेटून दोन-चार सेकंदांत विझला तर ठीक. पेटलाच नाही तर तो चांगला नाही, गायब केलाय असं समजून चला. मग गाडी निदान पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा, कारण पुसलेला कोड चाकं फिरल्यावर परत येतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर कमी वेगात एकदा जोरात ब्रेक दाबा. पेडल थरथरलं पाहिजे, चाकं घसरता कामा नयेत.

आता पाळी दुचाकीची

125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस 2019 पासूनच सक्तीचं आहे. त्याखालच्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही साधी पद्धत चालत होती. जून 2025 मध्ये केंद्र सरकारने मसुदा अधिसूचना काढली. 1 जानेवारी 2026 पासून बनणाऱ्या दुचाकींना, इंजिन लहान असो की मोठं, एबीएस द्यावं असा त्यात प्रस्ताव होता.

त्यामागचं कारण आकड्यांत आहे. सरकारच्याच अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातले 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. दोन चाकांवर पुढचं चाक जाम झालं की तोल सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे एबीएसची गरज तिथे कारपेक्षाही जास्त आहे.

पण सक्ती स्वस्त दुचाकींपर्यंत पोचली की तोच दिवा शेताच्या बांधावरून, चिखलातून, पाण्याच्या पाइपने धुतल्या जाणाऱ्या गाड्यांवरही येणार. गावातल्या मॅकेनिककडे ब्रेकचे कोड वाचणारा स्कॅनर असेल का? पंक्चर काढताना सेन्सरची वायर जपायची, हे कुणी शिकवेल का? दुचाकीवाल्यांनी एक फरक आधीच लक्षात ठेवावा: बऱ्याच बाइकमध्ये हा दिवा चावी फिरवल्यावर विझत नाही, गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो. तो दोष नाही. चालू लागल्यावरही पेटलेला राहिला, तर मात्र आहे.

नियमाने एबीएस गाडीत बसवून दिलं, ही मोठी गोष्ट झाली. पण शोरूममधून बाहेर पडल्यावर पुढची 15 वर्षं ते चालतंय का, हे सांगायला त्या एका पिवळ्या दिव्याशिवाय कुणी नाही. पुढच्या वेळी चावी फिरवाल तेव्हा दोन-तीन सेकंद थांबा. दिवा पेटतोय का आणि विझतोय का, एवढं बघा आणि मगच गिअर टाका.